लस घेतल्यावर घरी शुक्राणू मोजायचं किट: घ्यावं की लॅबमध्ये जावं?

लशीने, विशेषतः कोविडच्या लशीने, शुक्राणू कमी होतात असा मेसेज फिरतो. लस घेतली, आता शुक्राणू कमी झाले नाहीत ना ते घरच्या घरी बघू, असं म्हणून किट मागवणारे बरेच असतात. लॅबच्या खिडकीवर नाव सांगून डबी हातात घ्यायची लाज वाटते, हे त्यातलं खरं कारण. ते समजण्यासारखं आहे. किटही तशी खोटी नसतात, सांगितलेलं काम करतात. फक्त ते काम कोणतं, हे खोक्यावर बारीक अक्षरात असतं आणि घेणाऱ्याच्या मनातला प्रश्न भलताच असतो. म्हणून इथे किटची पारख त्याच एका प्रश्नावर केली आहे: लशीमुळे फरक पडला का, हे यातून कळेल का?

पहिला प्रकार पट्टीच्या किटचा. गरोदरपणाच्या चाचणीसारखीच प्लास्टिकची पट्टी, एक रेघ किंवा दोन रेघा. स्पर्मचेक हे त्यातलं जुनं आणि माहितीतलं नाव. शुक्राणूच्या डोक्यावर टोपीसारखा एक भाग असतो, ॲक्रोसोम. त्यात एसपी-१० नावाचं प्रोटीन असतं. किटमधल्या बाटलीतलं द्रावण शुक्राणू फोडतं, हे प्रोटीन बाहेर येतं आणि पट्टीवरची अँटीबॉडी ते पकडते. प्रोटीन पुरेसं असेल तर दुसरी रेघ उमटते. म्हणजे पट्टी शुक्राणू बघत नाही, त्यांचा माल मोजते. शुक्राणू जिवंत होता की मेलेला, सरळ पोहत होता की जागच्या जागी वळवळत होता, शेपटी धड होती की दुमडलेली, यातलं काहीही तिला कळत नाही.

दुसरी रेघ उमटायचा उंबरठा एका मिलिलिटर (मिली) वीर्यात २ कोटी शुक्राणूंचा. हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्य तपासणी पुस्तिकेच्या १९९९ च्या आवृत्तीतला. २०२१ साली सहावी आवृत्ती आली, तिच्यात खालची मर्यादा मिलीला १ कोटी ६० लाख आहे. त्यामुळे ज्याचे १ कोटी ८० लाख आहेत त्याला किट ‘कमी’ म्हणतं आणि लॅबचा रिपोर्ट ‘मर्यादेच्या वर’ म्हणतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर. माणूस मात्र मधल्या मधे रात्रभर जागा.

या १ कोटी ६० लाखांबद्दलही गैरसमज फार. बारा महिन्यांच्या आत ज्यांच्या जोडीदाराला दिवस गेले, अशा पुरुषांचे आकडे ओळीने मांडले आणि तळातल्या पाच टक्क्यांपाशी रेघ मारली, तो हा आकडा. शंभरातले पाच बाप या रेघेच्या खालीच असतात. रेघेखाली म्हणजे वंध्यत्व आणि रेघेवर म्हणजे खात्री, असा त्याचा अर्थ लावू नये. आणखी एक साधी चूक: लॅबच्या रिपोर्टवर आकडा मिलियनमध्ये असतो. १६ मिलियन म्हणजे १६ लाख नव्हे, १ कोटी ६० लाख. ही गफलत शिकलेसवरलेले लोकही करतात.

एसपी-१० ची एक गंमत सांगायलाच हवी. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात जॉन हेर यांच्या प्रयोगशाळेत या प्रोटीनवर काम झालं, आणि तेव्हा ते गर्भनिरोधक लशीसाठी उमेदवार मानलं गेलं होतं. शुक्राणूविरुद्ध शरीरालाच उभं करायचं, अशी कल्पना. बाजारात लस आली नाही, चाचणीची पट्टी आली. प्रजनन थांबवणारी लस मुद्दाम करायला बसलं तरी माणसासाठी ते किती अवघड ठरतं, हे यावरून दिसतं. डुकरांसाठी मात्र अशी लस आहे, इम्प्रोव्हॅक. मेंदूतून वृषणांना कामाला लावणारं जे संप्रेरक निघतं, त्याच्याविरुद्ध ती अँटीबॉडी तयार करते. तीसुद्धा एका डोसात भागत नाही. किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस द्यावे लागतात आणि असर काही आठवड्यांनी ओसरत जातो. गोवर, धनुर्वात, पोलिओ, कोविड यांच्या लशीत या संप्रेरकाशी किंवा शुक्राणूशी जुळणारं लक्ष्यच नसतं. इजा व्हायची तर कशाने, याला एकच धड उत्तर सापडतं: ताप. त्याच्याकडे पुढे येऊ.

आता किट वापरताना काय होतं ते जवळून बघा, कारण निम्मे निकाल इथेच बिघडतात.

आधी २ ते ७ दिवस संयम. एका दिवसाने दिलेल्या नमुन्यात संख्या कमी येते, दहा दिवसांनी दिलेल्यात संख्या फुगते पण मेलेले जास्त. नमुना थेट डबीत. लाळ, तेल, साबण, जेल यातलं काही नको, आणि साधा कंडोम तर नकोच, त्यातली रसायनं शुक्राणू मारतात. पट्टीला मेलेलेही चालतात, पण कंडोमच्या चिकटपणात नमुन्याचा मोठा भाग अडकून राहतो. पहिला थेंब सांडला तर नमुना फेकून द्या आणि दोन-तीन दिवसांनी परत करा. सगळ्यात दाट शुक्राणू पहिल्याच भागात असतात. शेवटचं थोडं सांडलं तर तेवढं बिघडत नाही, पहिलं सांडलं तर आकडा कोसळतो.

मग थांबायचं. वीर्य बाहेर आल्यावर लगेच घट्ट, जेलीसारखं होतं आणि साधारण १५ ते ३० मिनिटांत आपोआप पातळ होतं. घाईने ड्रॉपर घातला तर गाठ वर येते किंवा नुसतं पाणी. दोन्हीत मोजमाप खोटं. पातळ झाल्यावर डबी हलक्या हाताने गोल फिरवायची. जोरात हलवली की फेस येतो. ड्रॉपरमध्ये खुणेपर्यंत ओढताना बुडबुडा आला का ते उजेडात धरून बघा. वीर्य चिकट असतं, काचेला धरून राहतं, आणि बुडबुड्याएवढी जागा म्हणजे तेवढे शुक्राणू कमी. उंबरठ्याच्या आसपासच्या माणसाची दुसरी रेघ एवढ्या कारणाने जाऊ शकते. नंतर बाटलीतल्या द्रावणात मिसळणं, पट्टीच्या खळग्यात थेंब टाकणं आणि घड्याळ लावणं. थेंब किती आणि मिनिटं किती, हे त्या त्या किटच्या कागदावर असतं, ते तसंच पाळावं. ठरलेल्या वेळेनंतर तासाभराने उमटलेली फिकट रेघ धरायची नाही.

कंट्रोलची रेघ, म्हणजे शुक्राणू असोत-नसोत उमटणारी पहिली रेघ, आली म्हणजे द्रव पट्टीवरून नीट वाहिला एवढंच. तिच्यावरून संख्या ‘थोडीतरी आहे’ असं समजू नये. एकच रेघ असलेल्या पट्टीमागे १ कोटी ९० लाख असू शकतात, ५ लाख असू शकतात किंवा एकही नसू शकतो. पट्टीला हे तिन्ही सारखेच. खोकं घेताना आणखी एक खबरदारी: नसबंदीनंतर तपासायचं किट वेगळं मिळतं, त्याचा उंबरठा मिलीला अडीच लाखांचा. खोकी दिसायला सारखी. नसबंदीचं किट वापरून दोन रेघा आल्या म्हणून खूश झालेल्या माणसाला खरं म्हणजे काहीच कळलेलं नसतं.

दुसरा प्रकार मोबाइलचा. कॅमेऱ्यावर छोटं भिंग बसतं, स्लाइडवर थेंब टाकायचा, ॲप व्हिडिओ घेतं. यो हे त्यातलं ओळखीचं नाव. ते हलणाऱ्या शुक्राणूंची दाटी, म्हणजे एका मिलीत ते किती, मोजतं, आणि उंबरठा मिलीला ६० लाख हलणाऱ्यांचा. पट्टीपेक्षा हा प्रकार आम्हाला बरा वाटतो: निदान जिवंत हालचाल दिसते, व्हिडिओ ठेवता येतो, डॉक्टरांना दाखवता येतो. खोड एवढीच की तो थंडीला फार हळवा. गार फरशीवर ठेवलेल्या डबीतले शुक्राणू सुस्तावतात आणि ॲप त्यांना ‘न हलणारे’ म्हणतं. डबी अंगाजवळ, खिशात धरली तर बरं. स्लाइडमध्ये बुडबुडा, धूळ, मोबाइलचं कव्हर न काढणं, टेबल हलणं, या सगळ्याने निकाल बदलतो. शुक्राणूंचा आकार, वीर्याचं एकूण आकारमान, पांढऱ्या पेशी हे त्यातही नाही.

नमुना डबीत घालून पाठवायची सेवा हा तिसरा प्रकार. वाटेत वेळ जातो आणि हालचाल वेळेबरोबर मरते. संरक्षक द्रावण घालतात, त्याने संख्या टिकते, हालचालीचा आकडा अंदाजच राहतो. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

आता मुद्द्याचं. लशीचा परिणाम म्हणून आजवर मोजलेला बदल केवढा आहे, आणि तो यांपैकी कशाने दिसेल?

मायामी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये ४५ पुरुषांचे नमुने घेतले. एक एमआरएनए प्रकारच्या (फायझर, मॉडर्ना) कोविड लशीच्या पहिल्या डोसआधी, दुसरा दुसऱ्या डोसनंतर साधारण ७० दिवसांनी. मधली संख्या, म्हणजे सगळ्यांचे आकडे ओळीने मांडल्यावर मधोमध येणारी, मिलीला २ कोटी ६० लाखांवरून ३ कोटींवर गेली. आधी कमी संख्या असलेले आठजण होते, त्यातले सात नंतर मर्यादेच्या वर आले. लशीने शुक्राणू वाढतात असा अर्थ कुणी काढू नये. एकाच पुरुषाचे आकडे असेच वरखाली होत असतात. पडझड मात्र दिसली नाही.

इस्राएलमधल्या ३७ वीर्यदात्यांच्या २१६ नमुन्यांचा अभ्यास २०२२ मध्ये आला, आणि व्हॉट्सॲपवर फिरतो तो हाच. लशीनंतर ७५ ते १२५ दिवसांच्या टप्प्यात दाटी सुमारे १५ टक्क्यांनी आणि हलणाऱ्यांची एकूण संख्या सुमारे २२ टक्क्यांनी उतरली. पुढच्या टप्प्यात ती भरून निघाली. फिरणाऱ्या मेसेजमध्ये पहिलं वाक्य असतं, दुसरं नसतं. बोस्टन विद्यापीठाने तर शुक्राणू मोजायचे सोडून थेट दिवस जाण्याचंच प्रमाण पाहिलं: दोन हजारांहून जास्त जोडप्यांमध्ये, पुरुषाने किंवा बाईने लस घेतल्याने दिवस राहण्याच्या शक्यतेत फरक दिसला नाही. पुरुषाला गेल्या साठ दिवसांत प्रत्यक्ष कोविड झाला असेल तर मात्र ती शक्यता तात्पुरती घटलेली होती.

म्हणजे दाटीतली सगळ्यात वाईट घट धरली तरी १५ टक्के, तीही तात्पुरती. ज्याची दाटी ५ कोटी आहे तो सव्वाचार कोटींवर येईल, आणि पट्टी आधीही दोन रेघा दाखवेल, नंतरही दोन. ज्याची २ कोटी १० लाख आहे त्याची रेघ जाईल, पण ती लशीने गेली, बुडबुड्याने गेली की संयमाच्या दिवसांतल्या फरकाने, हे सांगता येणार नाही. एकूण, या प्रश्नासाठी पट्टीला आमच्याकडून शून्य गुण. ‘संख्या फारच कमी तर नाही ना’ या साध्या प्रश्नासाठी ती ठीक आहे, तेवढंच.

मग लॅब. इथेही लॅबलॅबमध्ये फरक, आणि पारख बाहेरूनही करता येते. डबी देताना तिचं वजन केलं का ते बघा. चांगली लॅब रिकाम्या डबीचं वजन आधीच लिहून ठेवते आणि वीर्याचं आकारमान वजनातल्या फरकावरून काढते, कारण सिरिंजमध्ये ओढलं की काही भाग काचेला चिकटतो. संयमाचे दिवस, नमुन्याची वेळ, काही सांडलं का आणि गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का, हे विचारलं का? नमुना अर्ध्या तासात, फार तर तासाभरात तपासायला घेतला का? घरून आणायचा असेल तर डबी शर्टाच्या आत धरून आणायला सांगितलं का? यातलं काहीच न विचारता डबी खिडकीतून आत गेली, तर रिपोर्टवर कितीही दशांश असोत, भरवसा कमी ठेवा.

मोजणीत खरी गोम आहे. सुधारित न्यूबॉअर चेंबरवर, म्हणजे मोजणीसाठी चौकटी आखलेल्या काचेवर, नेहमीच्या २० पट पातळ केलेल्या नमुन्यात ५० मायक्रोलिटर वीर्याला ९५० मायक्रोलिटर द्रावण घालतात. चिकट वीर्यासाठी साधं पिपेट चालत नाही, ते कमी ओढतं; आतला दट्ट्या थेट वीर्याला टेकणारं वेगळं पिपेट लागतं. मग दोन्ही बाजूंना किमान दोनशे-दोनशे शुक्राणू मोजायचे आणि दोन आकडे जुळतात का ते तक्त्यात पाहायचं. हे दोनशेंचं बंधन उगाच नाही. ४०० मोजले तर नुसत्या योगायोगाची चूक ५ टक्क्यांच्या आसपास राहते. घाईत २० मोजले तर तीच चूक २२ टक्के होते. आता इस्राएलचा १५ टक्क्यांचा आकडा परत आठवा. वीस शुक्राणू मोजून दिलेल्या रिपोर्टमध्ये त्याच्याहून मोठा फरक निव्वळ आळसाने येतो. ‘किती शुक्राणू मोजता?’ हा प्रश्न लॅबला विचारायला अजिबात संकोच करू नका. नीट काम करणारा तंत्रज्ञ या प्रश्नाने खूश होतो.

रिपोर्टवर दाटीपेक्षा पूर्ण नमुन्यातली एकूण संख्या बघायची सवय लावा. तिची खालची मर्यादा ३ कोटी ९० लाख. बाकीच्या खालच्या मर्यादा: आकारमान १.४ मिली, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. शेवटचा आकडा बघून लोक हादरतात. शंभरातले चार हीच मर्यादा आहे. ‘शून्य’ असा रिपोर्ट आला तर नमुना वेगाने फिरवून तळाचा साका तपासला होता का, हे विचारल्याशिवाय तो मान्य करू नका.

वेळेचा हिशेब किटवाले सांगत नाहीत आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. एक शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, त्यानंतर अधिवृषणातून, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या वेटोळ्या नळीतून, बाहेर पडायला आणखी दोन दिवस ते दोन आठवडे. लस घेतल्यावर दहाव्या दिवशी केलेल्या चाचणीत जे शुक्राणू दिसतात ते लशीच्या कितीतरी आधी घडलेले असतात. ती चाचणी चांगली आली काय, वाईट आली काय, लशीबद्दल काहीच बोलत नाही. खरी तुलना हवी तर एक नमुना लशीआधी आणि एक तीन महिन्यांनी. संयमाचे दिवस दोन्ही वेळा तेवढेच, लॅब तीच.

आणि ताप. वृषणं शरीराबाहेर लोंबतात ती थंड राहण्यासाठी. तिथलं तापमान शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असतं. अंगात ३८.५ अंशांच्या वर ताप चढला की अर्धवट घडलेल्या पेशी मार खातात आणि घट दिसते ती नंतर, बहुधा एक ते दोन महिन्यांनी. हे कोणत्याही तापाला लागू आहे: फ्लू, मलेरिया, डेंग्यू, आणि लशीनंतरचा एका दिवसाचा तापसुद्धा. फरक मुक्कामाचा. लशीचा ताप एक-दोन दिवसांत जातो, आजाराचा आठवडाभर राहतो. लशीनंतर ताप आलाच तर पॅरासिटामॉल घ्या, अंग पुसा, तारीख लिहून ठेवा. आयव्हीएफचा (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराचा) नमुना द्यायचा असेल तर ती तारीख डॉक्टरांना सांगा. डोस चुकवू नका.

उलट बाजूचा, म्हणजे लस न घेतल्याचा, हिशेब गालगुंडाचा. वयात आल्यावर गालगुंड झालेल्या पुरुषांपैकी साधारण १५ ते ३० टक्क्यांना वृषणदाह होतो. सूज एकाच बाजूला असेल तर दुसरं वृषण बहुतेक वेळा सांभाळून घेतं, पण सुजलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं ते वृषण पुढे आक्रसतं. पूर्ण वंध्यत्व क्वचित, शुक्राणू कमी होणं मात्र नेहमीचं. गालगुंडाची लस १९६७ पासून उपलब्ध आहे. लहानपणी गालगुंड झालेलं आठवत नसेल आणि लशीचा कागदही नसेल, तर मूल हवं असताना शुक्राणूचं किट मागवण्याआधी डॉक्टरांना या लशीबद्दल विचारा.

लस आधीच घेतली आणि आधीचा नमुना नाही, असं असेल तर मागे जाऊन तो मिळवता येणार नाही. तीन महिने झाल्यावर वरच्या कसोटीला उतरणाऱ्या लॅबमध्ये एक तपासणी करा. मर्यादेच्या वर आली तर विषय तिथेच सोडा. खाली आली तर काही आठवड्यांनी पुन्हा करा, कारण एका नमुन्यावर कुणाचंही निदान होत नाही. दोन्ही खाली आल्या तर रक्तातली संप्रेरकं आणि वृषणाच्या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोसील, तपासून घ्या. लसीला दोष देत बसण्यात हेच सगळ्यात जास्त वेळा राहून जातं.